खाऱ्या समुद्रातली गोडी विहीर

नांदूरघाटच्या शहादेवनं चाळीस वर्षं लोकांच्या विहिरी खोदल्या. लेक अंजली कोकणात नर्स म्हणून लागली, तशी तिनं बापाला होडीत घालून समुद्रातला किल्ला दाखवायला नेलं. किल्ला कुणी बांधला, कुणी जिंकला, टेहळणीच्या बुरुजावरून शत्रूची गलबतं कशी दिसायची, हे सगळं गाईडनं सांगितलं. लोक बुरुजावर चढले. शहादेव मात्र विहिरीपाशीच थांबला. त्यानं खिशातल्या सुतळीला दगड बांधला, तळाला सोडला आणि खोली मोजली. दोन परस, म्हणजे दोन माणसांची उंची. मग पाणी शेंदून ओंजळभर पिऊन पाहिलं. गोडं!

"चारी बाजूंनी समुद्र अन् मधे गोडं पाणी! चमत्कारच आहे," गाईड म्हणाला.

शहादेव भडकला. "चमत्कार कशाचा बे? वर पावसाचं गोडं, खाली समुद्राचं खारं. आणखी खाली गेला असता तर अख्खी विहीर नासली असती. खोदणाऱ्यानं वक्तावर हात आवरला."

"अन् आबा, मालकानंबी त्याचं ऐकलं," अंजली म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या बद्रीनाथच्या सांगण्यावरून शहादेवनं त्याची विहीर अकरा परसांवर नेली होती. तळाला नुसता कोरडा खडक.

परतीच्या होडीत फोन वाजला. बद्रीनाथच होता. "मामा, कवा येता? आणखी दोन परस खाली जाऊ."

"न्हाई. आता बास करा," शहादेव म्हणाला.

चाळीस वर्षांत मालकाला असं सांगायची त्याची ही पहिलीच वेळ.