तहानेची गोळी

लातूरला जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, सरकारी दवाखाना मोठा झाला. पाणी तेवढं आलं नव्हतं. औशाजवळच्या त्या वस्तीवर टँकर एक दिवसाआड यायचा, आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात सरजाबाईला कशानंच न भागणारी तहान लागली. घागर रिकामी दिसली की घरातल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळत. सासू नागुबाई तर तोंडावरच म्हणायची, "सरजे, तळं पिलीस तरी तुझं भागायचं न्हाई. लेकरांना घोटभर ठेव." सरजा चोरासारखी पाणी प्यायची आणि चोरासारखीच पुन्हा पुन्हा उठून बाहेर जायची.

शेवटी नवरा, केरबा, तिला लातूरला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, रक्तात साखर वाढलीय. केरबाला हसू आलं. "सायेब, आमच्यात च्या गुळाचा असतोय. हिच्या रगतात साखर आली कुठून?" डॉक्टरांनी पुडीत गोळ्या बांधून दिल्या. सकाळी एक घ्यायची, लगेच जेवायचं, उपाशी राहायचं नाही, असं दोनदा बजावलं.

महिन्याभरात तहान ओसरली. सरजाच्या लेखी ती साखरेची गोळी नव्हतीच, तहानेची होती. टँकरच्या रांगेत बायका चेष्टा करत, "सरजाबाई, आमच्या म्हशीलाबी दे की एक. सकाळधरनं हंबरून राहिली." सरजा हसायची. कितीतरी दिवसांनी तिला कुणाच्या नजरेला नजर देता येत होती.

वैशाखात टँकर लागोपाठ चुकला. नागुबाईनं आपल्या वाटची भाकर नातवंडांपुढं सारली होती. ओठ फुटले होते. सरजा गोळी घेऊन भाकर मोडत होती, तेवढ्यात म्हातारी जवळ सरकली.

"मलाबी दे गं एक."

"तुम्हाला कशाला, आत्याबाई? डॉक्टरनं मला दिल्यात."

"तहान काय तुला एकलीलाच लागती व्हय? दे. माझं पाणी पोरांना व्हईल."

सरजानं दिली. देताना तिला बरंच वाटलं. इतक्या वर्षांत सासूनं तिच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. दुपारी म्हातारीचा घसा अजून कोरडाच दिसला, तेव्हा तिनं आपणहून विचारलं, "आणिक एक घेता का?"

टँकर आला तेव्हा नागुबाई रांगेत उभी होती. हात थरथरू लागले, अंग घामानं निथळलं, काहीबाही बडबडत ती खाली बसली. "ऊन लागलं!" एकच गलका झाला. तिला लिंबाखाली नेलं. ज्या बाया तांब्याभर पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरत, त्यांनी आपापल्या घागरी तिच्या डोक्यावर ओतल्या.

लातूरला पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. "यांनी काही औषध घेतलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. सरजानं केरबासमोरच पदराच्या गाठीतली पुडी सोडून दाखवली. त्यांनी पुडीतली एक गोळी हातावर घेऊन पाहिली. नर्सला ग्लुकोजचं सलाईन लावायला सांगितलं, मग म्हणाले, "बाई, ही साखर उतरवणारी गोळी. यांना तो आजारच नाही, त्यात पोट उपाशी. शुद्धीवर होत्या तोवर गुळाचं पाणी जरी पाजलं असतं..."

गूळ घरात होता. चुलीमागं, डब्यात.

नागुबाईनं पुन्हा डोळे उघडले नाहीत. वस्तीनं ऊन लागलं असंच धरलं. जलदान विधीला आलेले पाहुणे उलट सरजाचीच समजूत घालत होते. "लई केलंस बाई सासूचं." ती एकेकाच्या हातात पाण्याचा पेला देत राहिली.

तिनं गोळ्या बंद केल्या. तहान परतली, तरी जीभ टाळूला चिकटेस्तोवर ती घागरीला हात लावायची नाही. डोळे खोल गेले, पायावरची जखम चिघळली, तेव्हा केरबानं ओळखलं. आता सकाळी तोच ताट वाढतो, गोळी तिच्या तळहातावर ठेवतो आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नाही. जन्मभर घ्यावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

"मायनं मागितली, तू दिलीस," तो एकदा म्हणाला. "कुणीबी दिली असती."

"दुसरी त्यांनी मागितली न्हवती," सरजा म्हणाली.

केरबानं ताट तिच्यापुढं सरकवलं.

"खा," तो म्हणाला. "गोळी पोटात गेलीय. उपाशी बसू नको."