झावळ्यांच्या रविवारचं तिसरं गीत

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, कोल्हापुरातल्या आमच्या चर्चमध्ये तिसरं गीत दुसऱ्या कडव्यानंतर बंद पडलं. उरलेली दोन कडवी कोणीही गायली नाहीत. त्याच वेळी कसबा बावड्यातल्या एका घरात ते गीत शेवटपर्यंत ऐकू आलं. ऐकणाऱ्या तिघी होत्या. त्यातल्या दोघी आज हयात आहेत, आणि दोघींशी मी वेगवेगळं बसून बोललो आहे.

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. घाटात लिफ्ट मागणारा माणूस, बंद घरातला पैंजणांचा आवाज... अशा बातम्या जिल्ह्यातून अधूनमधून येतात. मी त्या वाचून बाजूला टाकतो. मी ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करतो. पण चर्चमध्ये कोणी साक्ष द्यायला, म्हणजे आपल्याला आलेला देवाचा अनुभव सांगायला, उभं राहिलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: याला दुजोरा कोणाचा? पुढचं वाचताना वाचकांनीही हाच प्रश्न धरून ठेवावा. मी वर्षभर धरला आहे.

आमचं चर्च जुनं, दगडी. बाकं पुष्कळ, माणसं कमी. तरुण पोरं पुण्याला गेली. काही कुटुंबं हायवेकडच्या एका हॉलमध्ये जायला लागली, तिथे ड्रम आणि की-बोर्ड आहे. आमच्याकडे पेटी आणि याकोबकाका. उपासनेतलं गायन मी चालवतो. माझ्या आधी ते रूथबाई चालवायच्या. बाई निवृत्त शिक्षिका. गुडघ्यांनी उभं राहू देईना तेव्हा त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. कारण एकच, माझा आवाज चांगला होता.

तो पुरेसा नाही, हे त्यांनी मला पुढे दर रविवारी सांगितलं. उपासना सुटली की मी त्यांच्या घरी जायचो.

"कसं झालं आज?"

"तुझं ब्येस झालं. मंडळीचं न्हाई झालं."

आमच्यात चर्चला जमणाऱ्या सगळ्या लोकांना मिळून मंडळी म्हणतात.

"गात होते की सगळे, बाई."

"ओठ हलवत होते. तू गातोस आणि ती ऐकतात, ह्याला कार्यक्रम म्हणतात, शमुवेल. पुढच्या रविवारपासून तिकीट लाव."

माझा गळा उंच आहे. पेटीवरच्या तिसऱ्या काळ्या पट्टीवर, काळी तीनमध्ये, तो मोकळा लागतो. बाई बहुतेक गीतं काळी एकमध्ये घ्यायच्या. तो खालचा सूर, साध्या माणसांना झेपणारा. पण त्यांचा तोही नियम नव्हता. उपासनेच्या आधी त्या दारात उभ्या राहायच्या. आमच्यात आत येताना प्रत्येक जण 'सलाम' म्हणतो. बाई तो 'सलाम' ऐकायच्या. कोणाचा घसा बसलाय, कोण रडून आलंय, थंडीनं आवाज किती खाली गेलेत, हे त्यावरून ओळखायच्या आणि मग याकोबकाकांना सूर सांगायच्या.

"दारात कळतंय आज गळं कुठं हायत ते," त्या म्हणायच्या. "तिथं जाऊन गाणं ठेवायचं. माणसांनी तुझ्याकडं चढून यायचं न्हाई."

मला ते कधी जमलं नाही. त्या वेळी मी माईकची वायर शोधत असायचो.

दानिएलकाका नावाचे एक वृद्ध मागच्या बाकावर बसायचे. ते कायम एका मात्रेनं मागे गायचे. सगळ्यांची ओळ संपली की त्यांचा शेवटचा शब्द एकटा यायचा. मी बाईंना म्हटलं, त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

"काय सांगणार? त्यो यायच्या आधी पुढची ओळ उचलू नको, झालं."

दानिएलकाका कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्या लाटेत आमच्या बऱ्याच बाकांवरची माणसं गेली.

बाईंचा शेवटचा धडा गप्प बसण्याचा होता. मंडळीनं गीत एकदा उचललं की पुढे गाणाऱ्यानं थांबायचं, त्यांचा आवाज त्यांना ऐकू द्यायचा. "तू गप बसलास आणि गाणं चालू राहिलं, तर तू शिकलास," असं त्या म्हणायच्या. मी दोन-तीनदा प्रयत्न केला. मी थांबलो की गाणंही लंगडायचं, आणि मी घाईनं पुन्हा सुरू करायचो.

गेल्या वर्षीच्या सुरुवातीला बाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्यांची मुलगी सुवार्ताताई मुंबईची नोकरी सोडून आली. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेलो. बाईंना बोलताना दम लागत होता.

"उद्या फोन लाव," त्या म्हणाल्या. "मला एकदा मंडळी ऐकू दे."

"लावतो, बाई. तुमचं आवडतं गीत घेतो."

"तू नको," त्या म्हणाल्या. "तुला लई ऐकलं. मंडळी."

सुवार्ताताई दारापर्यंत सोडायला आली. "ती दुसरं काहीच मागत नाही रे," ती म्हणाली. "औषधसुद्धा नको म्हणते. एवढं कर."

दुसऱ्या दिवशी मी दारात उभा नव्हतो. भिंती जाड आहेत, आत रेंज नीट मिळत नाही. फोन कुठे ठेवला की आवाज जाईल, हे मी उपासना सुरू होईपर्यंत बघत होतो. शेवटी व्यासपीठाजवळच्या स्टँडवर, माझ्या समोरच, तो ठेवला. तिसऱ्या गीताच्या आधी कॉल लावला. सुवार्ताताईनं उचलला आणि स्पीकर चालू केल्याचं सांगितलं. फोनवरून स्पष्ट जावं म्हणून मी याकोबकाकांना काळी तीन सांगितली.

काकांनी मान हलवली. "वर जातंय."

"आजच्या दिवस, काका."

गीत चार कडव्यांचं आहे, जुनं मराठी भजन. त्यातली तिसरी ओळ वर चढते. पहिल्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीलाच आवाज फाटले. समोरच्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडे बघून थांबल्या. मागच्यांनी पुस्तकात डोकं घातलं. दुसरं कडवं मी जवळजवळ एकट्यानं म्हटलं. त्या कडव्याच्या शेवटी समोरच्या फोनचा स्क्रीन उजळला आणि कॉल संपल्याचं दिसलं. रेंज गेली होती.

याच क्षणी मी गप्प बसलो. फोन तुटला होता, पण बाईंनी सांगितलेलं निदान त्या दिवशी तरी करून बघावं, असं वाटलं. तिसरं कडवं मी मंडळीवर सोडलं.

कोणी गायलं नाही. याकोबकाकांनी एक ओळ नुसती पेटीवर वाजवली, माझ्याकडे पाहिलं आणि भाता सोडला. झावळ्या हातात धरून माणसं उभी होती. कोणीतरी खोकलं. मग आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, उठले आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू."

उपासना सुटल्यावर मी बावड्याला गेलो नाही. तिथे काय सांगणार, हे सुचत नव्हतं. दुपारी सुवार्ताताईचा फोन आला. बाई गेल्या होत्या.

मी पोहोचलो तेव्हा तिनं माझा हात धरला. ती रडत नव्हती.

"थँक्यू," ती म्हणाली. "काय गायली रे मंडळी! तिला पाहिजे होतं तसंच."

मी म्हटलं, "ताई, फोन दुसऱ्या कडव्यालाच कट झाला."

"कट कुठे? शेवटपर्यंत होता. पहिल्यांदा जरा खरखर झाली, मग एकदम स्वच्छ. आईनं डोळे उघडले. म्हणाली, 'काळी एक धरलीय. शिकलं पोरगं.' मग तिसऱ्या कडव्याला म्हणाली, 'आता त्यो गप बसलाय. ऐक, मंडळी गातीय.' तू थांबला होतास ना तेव्हा?"

"थांबलो होतो."

"तिनं ओळखलं. शेवटचं कडवं तीपण म्हणत होती, ओठातल्या ओठात. त्यानंतर बोलली नाही."

तिच्या फोनवर मी पाहिलं. तिथेही कॉल मध्येच तुटलेला दिसत होता. तिनं तो पाहिला आणि फोन बाजूला ठेवला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी ऐकलंय."

दफनविधी दुसऱ्या दिवशी झाला. त्यानंतर काही दिवसांनी मी चौकशी सुरू केली. बाईंना भास झाला असेल, सुवार्ताताई जागरणानं थकली होती, इथपर्यंत मी ठरवलं होतं. पण खोलीत तिसरी व्यक्ती होती. शेजारच्या पाटीलकाकू त्या वेळी दूध द्यायला आल्या होत्या. मी त्यांच्या दारात गेलो, ओळख सांगितली आणि एवढंच विचारलं की त्या दिवशी काही ऐकलं का.

"व्हय की. गाणं चाललंतं. मला वाटलं टीव्ही लावलाय. सुवार्ता म्हटली, आमच्या चर्चमधलं हाय, फोनवर. म्हटलं, एवढी माणसं हायत व्हय अजून तुमच्यात? आम्हाला वाटलंतं सगळी पुण्याला गेली."

"किती वेळ ऐकलंत?"

"दुधाचं भांडं हातात धरून हुबी हुते की. गाणं सरंपर्यंत. मोठी बाई गुणगुणत हुती, मध्येच कसं जायचं?"

जोतिबाच्या यात्रेचे दिवस होते. एखादी सासनकाठी वाजतगाजत रस्त्यानं जात असेल, तिचा आवाज आला असेल, असं मी म्हटलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"पावणं, जलमापासनं हितं हाय मी. हलगी कुठली आणि गाणं कुठलं, एवढं कळतंय मला. बायकांचा आवाज लई हुता. आणि एक म्हातारा हुता त्यात, जरा मागनं मागनं यायचा. सगळी थांबली की ह्याचा एकट्याचा शबुद. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू."

दानिएलकाका बावड्याला कधी आले नव्हते. काकू आमच्या चर्चमध्ये कधी आल्या नव्हत्या.

मी त्यांना चाल आठवते का विचारलं.

"आता मी तुमची गाणी म्हणू व्हय? घरात मालक हायत." तरीही त्यांनी पदर तोंडाशी धरून पहिल्या दोन ओळी गुणगुणल्या, शब्दांशिवाय. चाल बरोबर होती. फोनमधल्या सूर दाखवणाऱ्या ॲपवर मी बघितलं. काळी एक. हा पुरावा नाही, हे मला माहीत आहे. कोणीही बाई सहज गुणगुणली तर त्या आसपास गुणगुणू शकते.

या गीताची आमच्या मंडळीची ध्वनिफीत माझ्या माहितीत नाही. सुवार्ताताईच्या फोनमध्ये नव्हती, तिनं स्वतःहून शोधू दिलं. बाईंच्या घराच्या आसपास दुसरं चर्च नाही. याकोबकाकांना मी सगळं सांगितलं. सांगताना दानिएलकाकांच्या उल्लेखापाशी आलो तेव्हा त्यांनी भात्यावरचा हात काढला.

"आपण काळी तीनच धरली होती ना, काका?"

"मीच वाजवली की रे," ते म्हणाले. त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "ती गेली, तिकडची मंडळी तिला मिळाली. आपण राहिलो हितं, पेटी घेऊन."

पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी मला साक्ष द्यायला सांगितलं.

"मंडळी गायली नाही, हेही सांगावं लागेल," मी म्हटलं.

"तेवढं वगळा ना."

"ते वगळलं तर काही घडलंच नाही, साहेब."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. साक्ष मी दिलेली नाही. हे पहिल्यांदाच लिहितो आहे. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि मिळेल असं वाटत नाही. सुवार्ताताई अजून अधूनमधून फोन करते आणि प्रत्येक वेळी आभार मानते. मी तिला दर वेळी तेच सांगतो, की आम्ही गायलो नव्हतो. ती म्हणते, "असू दे रे."

बाईंनी ज्याला शिकला म्हटलं तो मी नव्हतो. तसा कोणी त्या सकाळी चर्चमध्ये उभा नव्हता.

गायन अजून मीच चालवतो. दुसरं कोणी तयार नाही. वर्षभरात आणखी तीन बाकं रिकामी झाली. आता मी उपासनेच्या आधी दारात उभा राहतो आणि प्रत्येकाचा 'सलाम' ऐकतो. गेल्या रविवारी बहुतेकांचे आवाज खाली होते. समोरच्या बाकावरच्या दोघींतली एकच आली होती. मी याकोबकाकांना काळी एक सांगितली आणि तेच गीत घेतलं. पहिलं कडवं मी म्हटलं. दुसऱ्याच्या सुरुवातीला थांबलो.

कोणी उचललं नाही.