दुधातून दिलेलं औषध

तिला सगळे रफूवाली म्हणत. बाजारातल्या एका तळघरात, दिव्याखाली मान खाली घालून ती उभं आयुष्य फाटक्या कापडात धागे भरत आली. कोटाचं भोक ती असं बुजवायची की गिऱ्हाईक ते शोधत बसे. ऊन तिच्या वाट्याला यायचं ते जिन्याच्या वरच्या पायरीपुरतं.

छातीत गाठ निघाली, ती कर्करोगाची ठरली आणि केमो सुरू झाली. रक्तात ड जीवनसत्त्वही फार कमी आढळलं, म्हणून डॉक्टरबाईंनी हाडांसाठी आठवड्याला एक गोळी लिहून दिली. औषधपाणी थोरल्या जावेनं हातात घेतलं. दोघींचेही नवरे गेलेले, घरात या दोघीच.

पुढे रफूवालीची तहान भागेना. पोट साफ होईना, अन्न समोर आलं की मळमळे, बोलता बोलता शब्द हरवत. केमोचाच त्रास, असं समजून तिनं तो अंगावर काढला. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी तपासलं, तर रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलेलं. केमो पुढे ढकलून त्यांनी विचारलं, आणखी काही घेता का? रफूवाली नाही म्हणाली.

"मी देते," जाऊ खाली बघत म्हणाली. "त्याच गोळ्या, रोज, दुधातून. त्यानं केमो जास्त लागू पडते असं ऐकलं होतं."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. कमतरता भरून काढणं वेगळं, त्या म्हणाल्या. केमोला त्यानं बळ मिळतं का, यावर अजून अभ्यास चालू आहे, पण जादा डोसानं रक्तातलं कॅल्शियम वाढतं, ते मात्र नक्की बाधतं. त्यांनी रफूवालीला ठेवून घेतलं.

सलाईन चालू असताना ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग म्हणाली, "ताई, मला विचारायचं तरी. अंग माझं आहे."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते तर?"

"घाबरले होते गं," जाऊ म्हणाली. "तुझ्यामागे मी भांडू कोणाशी?"

रफूवालीला हसू आलं, पण राग काही गेला नाही. दोन्ही घेऊनच ती घरी परतली.

कॅल्शियम उतरलं, राहिलेली केमो पार पडली. गोळी पुन्हा सुरू झाली, पण तपासून, ठरल्या मापानं. दूध आता रफूवाली स्वतः ओतून घेते. केमोनं बोटांची टोकं मात्र बधिर झाली, सुई निसटू लागली. नाजूक काम सोडून तिनं जाड घोंगड्या रफूला घ्यायला सुरुवात केली. जाऊ तळघरात येऊन सुया ओवून देते आणि आल्यागेल्याला नको ते सल्ले देत बसते.