मोअरओव्हरचं जू

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत शिरलेला माणूस शिंकल्याशिवाय बाहेर पडत नाही. आमच्या बेळगावच्या मॅट्रिकच्या वर्गाचंही तसंच. दोन जुने गडी भेटले की एक किस्सा निघणार, आणि त्याचं शेपूट धरून दुसरा! आता सांगणारे कमी झालेत, किस्से तेवढेच राहिलेत. सगळे मला एकट्यालाच वाहावे लागतात.

आम्हाला इंग्रजी शिकवायला बापूमास्तर. निबंधात सुटी वाक्यं दिसली की छडी! म्हणायचे, "वाक्यं म्हणजे बैल रे. मोकळे सोडलेत तर एक कडोलीला जाईल, एक संकेश्वरला. जू घाला!" जू म्हणजे जोडशब्द. मोअरओव्हर म्हणजे शिवाय, नेव्हरदलेस म्हणजे तरीसुद्धा. मास्तरांची रीत अशी, की कागदाच्या कडेला आधी ही जुवं अंतर सोडून लिहायची, मग मधल्या जागेत विचार भरायचे. विचार नसला तरी चालेल, जू पाहिजे!

एकदा गाईवर निबंध होता. मी लिहिलं, गाईला चार पाय असतात. नेव्हरदलेस, ती दूध देते.

मास्तरांनी चष्मा काढला. "का रे गाढवा, पाय दुधाच्या आड येतात?"

"येत्यात की सर! आमची गाय लई लाथाळ हाय!"

छड्या बसल्या, पण वर्ग हसला. सौदा वाईट नव्हता.

वसू हा खडेबाजारातल्या वकिलाचा पोरगा. मॅट्रिकच्या आधीच त्याला मुलगी दाखवायला नेलं. पानसुपारी झाली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय, पसंत आहे ना?"

वसू म्हणाला, "मुलगी चांगली आहे. तथापि..." आणि गप्प!

"तथापि काय?"

वसूला घाम फुटला. "त्याच्या पुढचं अजून सुचलं नाही!"

आधी जू, मग विचार. हाडात मुरलेली सवय! सोयरीक तिथंच मोडली.

मग पेठेत उंदीर पडायला लागले. प्लेग! गाव उठून माळावरच्या झोपड्यांत गेलं, मागोमाग शाळाही गेली. वर्गातला पहिला गेला तो वसू. लई चांगला पोरगा. तथापि...

जाऊ दे.

एकदा माळावर गोरा साहेब पाहणीला आला. घोड्यावरूनच विचारलं, इंग्रजी कोणाला येतं? पोरांनी मला पुढं ढकललं. पेठेत काय चाललंय, असं त्यानं विचारलं. मी छाती काढून सांगितलं, "टु बिगिन विथ, रॅट्स. सेकंडली, मेन."

साहेब म्हणाला, "अँड फायनली?"

"वी आर वेटिंग, सर!"

साहेबानं घोडा वळवला. बापूमास्तर मागं उभे होते. त्या दिवशी मात्र छडी बसली नाही.

आता दत्तू. कडोलीचा, शेतकऱ्याचा पोरगा. बाप लवकर गेलेला. थोरल्या भावानं, अण्णानं, शाळा सोडून औत धरलं होतं. का, तर धाकट्यानं मॅट्रिक होऊन कचेरीत चिकटावं. अण्णा एकदा वर्गाच्या दारात येऊन म्हणाला होता, "मास्तर, ह्यो पास झाला म्हंजे माझंबी शिक्षान झालं बघा."

पण दत्तूला जू काही जमायचं नाही. "जे झालं ते लिवलं, आनि त्याला काय जोडू?" मी चिडवायचो, "दत्त्या, तुझी बैलं संकेश्वर वलांडून गेली रं!"

शाळेची चाचणी आली. तीत मास्तरांच्या पसंतीला उतरेल त्याचाच मॅट्रिकचा फॉर्म पुढं जायचा. मास्तरांनी दत्तूला बजावलं होतं, "या खेपेला जुवं नसली, तर तुझा फॉर्म जाणार नाही."

मास्तर पलीकडच्या माळावर राहायचे. रोज त्यांच्याबरोबर मास्तरीणकाकूंनी दिलेली ताकाची चरवी यायची. त्या दिवशी मास्तर रिकाम्या हातानं आले, पगडी भुवयांपर्यंत ओढलेली. मी ओरडलो, "सर, म्हस आटली काय?" मास्तरांनी वळून फळ्यावर विषय लिहिला : 'माय फॅमिली'.

दत्तू उशिरा आला. डोकं भादरलेलं.

त्यानं रीतीप्रमाणं कडेला जुवं मांडली. मग लिहीत गेला आणि एकेक खोडत गेला. मास्तरांनी कागद उचलला. मी शेजारीच होतो, तीनच वाक्यं होती : माय मदर डाइड ऑन मंडे. माय ब्रदर डाइड ऑन वेन्सडे. आय अ‍ॅम अलाइव्ह.

"जू कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"घालून बघितलं, सर. मोअरओव्हर घातलं, खोडलं. नेव्हरदलेस घातलं, तेबी खोडलं."

"फॉर्म जाणार नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"व्हय, सर. न्हाय गेला तर न्हाय. पर ह्यांच्या मानंवर आता जू न्हाय ठेवत."

मास्तरांनी कागद पुन्हा वाचला. मग लाल पेन्सिल काढली, वाकून काहीतरी लिहिलं, कागद दत्तूपुढं ठेवला. "उद्या फॉर्म भरायला ये," म्हणाले, आणि झोपडीबाहेर गेले.

मी कागद हिसकावला. किती लाल रेघा पडल्या ते बघायचं होतं मला! एकही नव्हती. दत्तूच्या शेवटच्या वाक्याखाली, मास्तरांच्या वळणदार अक्षरात, एक ओळ होती :

'माय वाइफ डाइड ऑन फ्रायडे.'