मुलाणीमामांचं नाक

फोन आला तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. दौंडहून मुलाणीमामांचा थोरला, सलीम, बोलत होता. "अक्का, अब्बा गेले." आणि मी शहाणी त्याला विचारते, "कुठं?" वयाची साठी उलटली तरी माणूस असल्या वेळी काय बोलेल याचा नेम नाही. तो बिचारा म्हणाला, "सकाळी चहा मागितला, कप हातात घेतला, आन्..." पुढचं त्याला बोलवेना. शिरूरहून दौंड तसं लांब नाही, पण मी पोचले तेव्हा पुरुषमंडळी कब्रस्तानातून परतत होती. मी ओट्यावर बायकांत बसले. कुणीतरी विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. महिना उलटून गेला, अजून त्याच उत्तराशी झटतेय. म्हणून हे लिहायला घेतलं.

मामा मूळचे भांडगावचे. आम्ही वडगाव रासाईचे, म्हणजे भीमेच्या अलीकडचे. नदीपलीकडं दौंडच्या अंगाला तेव्हा एक खाजगी दूध शीतकरण केंद्र होतं. लोक नुसतं 'चिलिंग' म्हणायचे. गावोगावचं दूध कॅनमधून टेम्पोनं तिथं यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं पुण्याकडं जायचं. मी तिथं दूध तपासनीस म्हणून लागले. बारावी सायन्स, दोन लहान पोरं, आणि अंगात धीर म्हणाल तर कोंबडीच्या पिलाएवढा. साहेबांनी हाक मारली की माझ्या हातातली काचेची नळी फुटलीच म्हणून समजा. पहिल्या वर्षात इतक्या नळ्या फोडल्या की मामा म्हणायचे, "ताई आल्यापास्नं लॅबमंदी रोज दिवाळी हाय."

मामांचं काम टेम्पोतून कॅन उतरायच्या ओट्यावरचं. कॅन रांगेनं पुढं सरकायचे. मामा लाकडी हातोडीनं झाकणाच्या कडेला एक टोला हाणायचे, मनगटाच्या एका झटक्यात झाकण उचलायचे, उलटं करून नाकाशी धरायचे. वास दुधापेक्षा झाकणाच्या आतल्या बाजूला जास्त साठतो, हे मला त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं. मग ते ओरडायचे, "पास!" किंवा "बाजूला!" पास झालेला कॅन टाकीत, बाजूचा माझ्याकडं उकळून बघायला. सकाळचं दूध संपेपर्यंत मामा चहा घ्यायचे नाहीत, विडी ओढायचे नाहीत, कपाळाला बाम लावलेल्या माणसाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. आख्ख्या पट्ट्यात त्यांच्या नाकाचा दरारा होता. गवळी म्हणायचे, म्हातारा झाकण उघडायच्या आधीच सांगतोय म्हैस काय खाऊन आली.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात मामा पुतणीच्या लग्नाला गेले आणि एक दिवस झाकण माझ्या हातात आलं. त्या दिवशी जे घडलं त्याला मी पुढं कित्येक वर्षं 'ती गोष्ट' म्हणायचे, नाव घ्यायचं धाडस नव्हतं. रांगेत आमच्या गावचा कॅन आला. आमच्या म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांचा, आप्पांचा, आणि आप्पा स्वतः टेम्पोसोबत आलेले, पांढरी टोपी, मिशीला पीळ. झाकण उचललं आणि नाकाला आंबूस लागलं. अगदी पुसट, पण लागलं. समोर आप्पा. घरात त्यांच्यापुढं मी कधी मान वर करून बोलले नव्हते. ते ओसरीवर असले तर मी मागच्या दारानं पाण्याला जायचे. त्यांचं दूध नासकं म्हणायचं, तेही चार गावांच्या गवळ्यांदेखत? मी पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाले, "पास." दुपारी टाकीतलं दूध उकळून बघितलं, ते फाटलं. टाकीच्या टाकी नाल्यात सोडावी लागली. तो पांढरा नाला, त्याच्या कडेनं जमलेली कुत्री, आणि दूध घालणाऱ्या बायांचे मला माहीत असलेले एकेक चेहरे... साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी ठरवलं की आपण नळ्या धुवाव्यात, आकडे लिहावेत, निर्णय दुसऱ्यानं घ्यावा. कुणी "तुला काय वाटतं?" विचारलं की मी म्हणायची, "मामांना विचारा."

अशी सातेक वर्षं गेली. तोवर पद्धत अशी पडली होती की मी नमुना काढायला पळी घेऊन मामांच्या शेजारी उभी राहायची. ते झाकण उचलायचे, स्वतः हुंगायचे, मग माझ्यापुढं धरायचे आणि मग निकाल द्यायचे. मला वाटायचं, मामा शिकवतायत. शिष्येचा गर्व तर असा, की घरी जाऊन मी नवऱ्याला सांगायचे, "मामा म्हणजे देवमाणूस, एवढ्या घाईतसुद्धा मला शिकवतात."

मग आमचे शिफ्ट इन्चार्ज नोकरी सोडून गेले आणि साहेबांनी मला बोलावलं. "सुमनताई, सकाळची शिफ्ट तुम्ही सांभाळा. गुरुवारपर्यंत सांगा." माझ्या डोळ्यांपुढं तो पांढरा नाला वाहायला लागला. शिफ्ट म्हणजे ओट्यावरची सगळी माणसं, टाकी, टँकर, गवळ्यांची भांडणं... शेवटचा शब्द माझा! त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला. तो अर्ज आज हाताशी असता तर वाचून दाखवला असता, तुम्ही पोट धरून हसला असतात. 'सासूबाईंच्या तीव्र आजारपणामुळे सदर जबाबदारी स्वीकारण्यास असमर्थ.' सासूबाई त्या वेळी परसात चिंचा झोडत होत्या, त्याही फांदीवर बसून. आणि माझं शौर्य एवढ्यावर थांबत नाही. 'नाही' म्हणायला साहेबांसमोर जायचीसुद्धा छाती नव्हती, म्हणून अर्ज मामांच्या हातात दिला. "मामा, तेवढा द्या ना साहेबांना."

मामांनी उभ्या उभ्या वाचला. सातवी शिकलेले, पण अक्षर लावत लावत सगळा वाचला. "सासू आजारी हाय व्हय तुजी?"

"व्हय..."

"काल बाजारात मला कांद्याच्या भावावरनं श्या घालीत हुती. आवाज तर चांगला हुता."

मी मान खाली घातली. त्यांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "शेवटचा टेम्पो गेला की लॅबमंदी ये."

गेले. लॅबच्या कोपऱ्यात फरशी पुसायची फिनेलची बाटली असायची. मामांनी ती उचलली, बूच काढलं, थेट नाकाखाली धरली आणि गुलाबाचं अत्तर असावं तसा डोळे मिटून लांब श्वास घेतला. वर मलाच विचारतात, "काय हाय गं ह्याच्यात? पानी?"

"अवो मामा, फिनेल हाय ते!"

"आसंल. मला न्हाई येत."

"काय न्हाई येत?"

"वास." बाटलीला बूच लावत ते म्हणाले, "दोन वर्सं झाली. तो डोक्याचा ताप आलता बग मला, त्यात गेला. दूध न्हाई, फिनेल न्हाई, बिर्याणी बी न्हाई. ईदीला घरात सगळी वा वा करत्यात, मी बी करतो."

मला आधी कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं आणि मी स्टुलावर बसले. "म्हणजे... दोन वर्षं कॅन कोण पास करतंय?"

"वरडत मी हुतो. पास तू करत हुतीस." मामा हसले. "झाकन तुज्याफुडं धरायचो. तुजी डावी नाकपुडी उडली की म्हनायचो बाजूला. न्हाई उडली तर पास. मधी एकदा तू शिंकलीस, चांगल्या दोन कॅनास्नी फुकट बाजूला जावं लागलं."

"आन् मी रजेवर असले की?"

"तुजी धाकटी तापली की माजी म्हस आजारी पडायची, मी बी रजेवर. न्हाई तुज्या ध्यानात आलं?"

खरंच, नव्हतं आलं. दोन वर्षं रोज सकाळी मी शेकडो माणसांच्या दुधाचा निकाल देत होते आणि एकदाही टाकी नासली नव्हती. भीती वाटली नाही, कारण मला माहीतच नव्हतं की मी निकाल देतेय. मी चिडले, रडले, म्हणाले, "मामा, फसवलंत तुम्ही मला." ते गंभीर झाले. "फसीवलं खरं. पोट हाय, आबरू हाय, न्हाई सांगवलं मला. पर उद्या मी सायबाला सगळं सांगनार हाय. लई दिस झालं, कंदीतरी नाला वाहील माज्यापायी." मग खिशातून माझा अर्ज काढून माझ्यापुढं ठेवला. "ह्ये तुजं. तुला काम नगं वाटत आसंल तर खुशाल न्हाई म्हन. पर भ्यायली म्हनून न्हाई म्हनू नगंस. ज्याला भ्यातीस त्येच तर करतीयास रोज. आन् द्यायचा तर सोता दे. सासूला आजारी पाडू नगंस, ती म्हातारी मला सोडनार न्हाई."

रात्रभर विचार केला वगैरे मी लिहिणार नाही. झोप लागली, घोरलेसुद्धा. सकाळी साहेबांसमोर जाऊन "हो" म्हणाले. मामाही मागोमाग आत गेले आणि सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "शिफ्ट आता ताईंची आहे. मामांचं काय करायचं ते त्या ठरवतील." म्हणजे माझा पहिला हुकूम कोणता, तर मामांच्या हातातलं झाकण काढून घ्यायचं. त्यांना मी कॅन धुण्याच्या जागेवर घातलं. सांगताना माझा आवाज फाटला. ते म्हणाले, "आता रडती व्हय? कामाला लाग, मॅडम." त्या दिवसापासून लोकांदेखत ते मला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणत. एवढी शिक्षा मला कुणी केली नव्हती.

आणि देवाला थट्टा सुचावी तशी, आठवड्याच्या आतच आप्पांचा कॅन आला. आप्पाही सोबत. टोला हाणला, झाकण उचललं. आंबूस. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाले, "बाजूला."

"सूनबाई," आप्पांची मिशी हलली, "आमचं दूध हाय ते."

"व्हय आप्पा. पदर डोक्यावर हाय, पर दूध बाजूला."

पलीकडं कॅन धुणाऱ्या मामांच्या हातातला ब्रश थांबला. आप्पा वर्षभर आमच्या घरी पाणी प्यायले नाहीत. मात्र कॅन उकळत्या पाण्यानं धुवून पाठवायला लागले, हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं शिफ्ट सांभाळली. माझ्या राज्यात टाकी नासली नाही असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज. दोनदा नासली. एकदा वीज गेली म्हणून आणि एकदा चक्क माझ्या आगाऊपणामुळं. त्या दुसऱ्या वेळी मी नाल्याच्या कडेला पुतळ्यासारखी उभी होते. मामा चहाचा कप घेऊन आले, शेजारी उभे राहिले. "नाला काय आज पयल्यांदा बगितला व्हय मॅडम? प्या. सांजच्याला टेम्पो येनारच हाय." टेम्पो आला. मी ओट्यावर उभी होते.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना शाल-नारळ दिला आणि त्यांनी मला एक मोडीतल्या कॅनचं झाकण दिलं. कडेला त्यांच्याच हातोडीचे पोचे पडलेलं. ते आजही आमच्या दुधाच्या पातेल्यावर असतं. सून कुरकुरते, "आई, स्टीलचं ताट ठेवू या ना." मी ऐकत नाही.

शेवटचं भेटले ते जाण्याआधी पंधरा दिवस. खरवस करून नेला होता. मामा कॉटवर उशीला टेकून बसले होते, हात वाळक्या काडीसारखे. मी डबा पुढं केला. त्यांनी झाकण काढलं, जुन्या सवयीनं उलटं करून माझ्यापुढं धरलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी म्हणाले, "पास, मामा." ते बघतच होते. मग एकदम खुदकन हसले.

"तुला बी न्हाई येत न्हवं?"

"काय?"

"वास. आगं, वेलचीच्या वासानं बी नाकपुडी हलायची तुजी. आज न्हाई हलली."

म्हाताऱ्यानं मला पकडलं. मधल्या साथीत ताप आला होता, तेव्हापासून माझं नाक गेलंय. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ते खरवसाची वडी चघळत म्हणाले, "मग आता घरात कुनाचं नाक बगतीस?"

"नातीचं," मी म्हणाले. आणि आम्ही दोघं इतकं हसलो की सलीमची बायको आतून धावत आली.

ही नात शिरूरजवळच्या कारखान्यात कामाला आहे. रोज सकाळी मी पातेल्यावरचं झाकण उचलते, तिच्यापुढं धरते आणि दुधाकडं न बघता तिच्याकडं बघते. तिला वाटतं, आजी लाडानं करते. मागच्या आठवड्यात तिथल्या साहेबांनी तिला विचारलं, लाइनची टीम लीडर होतेस का. तिनं मोबाइलवर नकाराचा मेल लिहून ठेवलाय, मला वाचूनही दाखवला. कारण काय, तर आजीची तब्येत बरी नसते! धडधाकट मी समोर बसून भाकरी थापत होते. मी फक्त भाकरी उलटली. मेल अजून पाठवलेला नाही, सोमवारपर्यंत मुदत आहे.

न्हाणीतली फिनेलची बाटली मी आज स्वयंपाकाच्या ओट्यावर आणून ठेवली आहे, मामांच्या झाकणाशेजारी. बूच फार घट्ट बसलंय. मामांसारखं एका झटक्यात निघेल की नाही, कोण जाणे... पण नात कामावरून यायची वेळ झाली आहे.