खालच्या फळीवरच्या चकत्या

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते फ्रिजमधलं कोंबडीच्या चकत्यांचं पाकीट काढायचं. वरच्या बर्फाच्या कप्प्यात ते असं चिकटून बसलं होतं की तिच्या एकटीकडून निघेना. मी कप्पा दाबून धरला, तिनं ओढलं. मग ताटलीत घालून तिनं ते खालच्या फळीवर ठेवलं.

"उद्या पोरगी येईवरी बर्फ बरोबर सुटते," म्हणाली.

"पाण्यात टाक ना. आत्ता सुटते."

"आन चव पाण्यात जाऊ देऊ? तुमाले हरेक गोष्टीची घाई."

हे सकाळचं. दुपारी मोरीत भांडी घासता घासता ती भिंतीला टेकली. छातीत दुखून रायलं म्हणाली. तिरोड्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी आणायला मी माणूस पाठवला. गाडी दारात आली तेव्हा तिचा जीव गेला होता. गाडीवाल्याला मी परत जा म्हटलं.

पोरगी नागपूरला एका हॉटेलच्या रसोईत कामाला होती. गावाकडे येताना ती असली पाकिटं आणायची. शिजवलेली कोंबडी दाबून तिच्या पातळ, गोल चकत्या केलेल्या असत. पहिल्यांदा आणल्या तेव्हा आमच्या बाईनं मागच्या अंगणातली, मांसासाठी वेगळी ठेवलेली चूल पेटवली, लसूण-मिरची वाटली आणि त्या चकत्यांचा रस्सा केला. बोदलकशाच्या तलावातल्या मासळीचा करायची तसाच. चकत्या फुगून चपलेच्या तळव्यासारख्या झाल्या. पोरगी हसून हसून लोळली.

"आई, हे शिजलेलंच असते. असंच खायचं."

"न शिजवता मांस खायले मी काय वाघीण हाओ?"

तिनं ते शेवटपर्यंत मानलं नाही. तव्यावर तेल टाकून भाजायची, तेव्हाच पानात वाढायची. पण ठेवायची रीत मात्र तिनं स्वतःच बसवली होती. आलेलं पाकीट जसंच्या तसं बर्फात घातलं की त्याची वीट व्हायची, दोन माणसांसाठी काढायची तर सगळी फोडावी लागायची. म्हणून ती दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवायची, कापायची आणि दोन चकत्यांच्या मध्ये एक एक तुकडा घालायची. एका जेवणापुरत्या चकत्या एका पाकिटात. वर दोरा.

त्या वर्षांत विजेची लाईन अर्धा अर्धा दिवस नसायची. लाईन आली की ती आधी वरचा कप्पा उघडून पाकिटं बोटानं दाबून बघायची. मऊ लागलं ते त्याच दिवशी तव्यावर. सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही. एकदा तसं केलं होतं, तर चकत्या बुळबुळीत झाल्या आणि आमची दोघांची पोटं बिघडली. तेव्हापासून तिचा हा कायदा होता, आणि घरात तिचाच कायदा चालायचा.

पोरगी दुसऱ्या दिवशी यायची होती ती त्याच दिवशी आली. दिवस बुडायच्या आत तिच्या आईला जाळून आम्ही घरी आलो. सुतकात आमच्या घरात चूल पेटत नाही, जेवण भाऊबंदांकडून येतं. म्हणून माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, वरण-भात घेऊन आली. पाण्याची बाटली घ्यायला तिनं फ्रिज उघडला.

"भाऊजी, हे काय हो? सुतकात घरात मांस? फेका उकिरड्यावर."

"नाही फेकत."

"काऊन?"

"कुत्रे खातीन."

"मंग वरत टाका बर्फात. तेरवी झाल्यावर खाजा."

"सुटलेलं पुन्हा गोठवत नाहीत."

"असं कोण म्हणते?"

"जिले आत्ता जाळून आलो ते."

वहिनीनं फ्रिजचं दार लावलं. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिनं वळून पाहिलं नाही. मला एवढंच कळत होतं की तेरवीपर्यंत ते टिकणार नाही, आणि बायकोच्या हातचं शेवटचं काम मी कुत्र्यांपुढं टाकणार नाही. मग लाईन गेली.

सकाळी उठून मी फ्रिज उघडला. लाईन मधे येऊन गेली असावी, आत गारवा होता. पाकीट दाबलं. मऊ. वास घेतला, बरा होता. दोरा सोडला. चकत्या सुट्या सुट्या निघाल्या, मधे पिशवीचे तुकडे, सगळे एका मापाचे. मी त्या ताटलीत मांडून अंगणात नेल्या. पोरगी तिथं दात घासत होती.

"बाबा, काय करून रायले?"

"खाऊन रायलो."

"सुतक हाये ना."

"तिनं तुह्यासाठी काढलं होतं. चूल पेटवत नाही मी. असंच खायचं म्हणे ना तू."

ती बसली. एक चकती घेऊन तोंडात घातली. बराच वेळ चावत राहिली. मी दुसरी घेतली. गार, खारट, बाकी काही नाही. तेवढ्यात वहिनी चहाची किटली घेऊन फाटकातून आत आली.

"भाऊजी, तुमाले लाज?"

"हाये. बसा."

ती बसली नाही. किटली ओट्यावर ठेवली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. आम्ही ताटली संपवली. पोरीनं अखेरची चकती माझ्याकडे सरकवली, मी तिच्याकडे. शेवटी मी खाल्ली.

रस्त्यावरून भावानं हाक मारली. राख त्याच सकाळी उचलायची ठरली होती. मी हात धुतले, बादली घेतली आणि त्याच्यामागे, तिला जाळलं होतं त्या नाल्यावर गेलो. राख अजून गरम होती. मी तिच्यावर पाणी शिंपडलं, वाफ जाऊ दिली आणि अस्थी वेचायला बसलो.