नायजरच्या झेंड्यावरचं चक्र

पुण्याहून निघाले त्या पहाटे आई बॅगेला आणखी एक दोरी बांधत होती आणि बाबा, चित्रकलेचे मास्तर, दारात उभे राहून शेवटचं सांगत होते, "चूक दिसली की दुरुस्त करायची. बघत बसायचं नाही." टॅक्सी वळली तेव्हा दोघं धुक्यात विरघळल्यासारखे वाटले.

आता मी परदेशात, हिल्सबरोत राहते, हॉस्पिटलात नर्स आहे. सकाळी खाडीवरून ढग असे उतरतात की आपण जागे आहोत की नाही तेच कळत नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घ्यायला जाते, तिथे नमस्काराऐवजी इथल्यासारखं किआ ओरा म्हणते. तुमच्यापैकी जे इथे आलेत त्यांना हे सांगायला नको. पण चूक दिसली की दुरुस्त करायची, ही जित्याची खोड काही गेली नाही.

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये ज्याच्या त्याच्या देशाचे झेंडे लावले होते. आपला तिरंगा दिसला आणि मला भरून आलं. वर भगवा, मधे पांढरा, खाली हिरवा. पण चक्राच्या जागी केशरी टिकली! छापणाऱ्याला काय म्हणावं? लेबलांचा निळा मार्कर घेऊन मी त्या टिकलीवर चक्र काढलं, चोवीस आरे मोजून.

झेंडा आमच्या वॉर्डातल्या हलिमाचा निघाला. ती पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरची. येताना कपड्यांच्या घडीत घालून तिनं तो आणला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हलिमा चिडली नाही. झेंडा मांडीवर पसरून सांगत राहिली. तुमचा भगवा ती आमची वाळू. वारा सुटला की भर दुपारी आकाशही याच रंगाचं होतं. हिरवा म्हणजे दक्षिणेकडची शेतं. पांढऱ्याला कुणी पावित्र्य म्हणतं, कुणी नदी. मधला गोल हा सूर्य. फ्रेंच राजवट जायच्या आधीच हा झेंडा ठरला होता आणि तिचे आजोबा तो बघायला शहरापर्यंत चालत गेले होते. ऐकता ऐकता मला ती वाळू दिसू लागली, उंबरठ्यावर, भांड्यांत, तिच्या आईच्या केसांत.

मी नवा शिवून देते म्हणाले. तिनं मान हलवली.

"राहू दे. इथे सहा वर्षं हा लावतेय, पण कुणाचा म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही. तुला निदान आपला वाटला."

मला हुंदका आवरेना. इथे आल्यापासून मी रडले ते बाथरूमचा नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. घर कुठलं विचारलं तर अजूनही मी पुणंच सांगते. पण त्या दुपारी हलिमाशेजारी बसून मी नळ न सोडता रडले.